शॉर्ट लेगला सोलकर, बाकी सगळे राखीव

गावसकर मोठा की तेंडुलकर, या भांडणात मला आता रस उरलेला नाही. आमच्या घरात ते माझ्या जन्माआधीपासून चालू आहे आणि दोन्ही बाजूंचे वकीलसुद्धा त्याला कंटाळलेत. माझं भांडण त्याहून फार लहान जागेचं आहे. फलंदाजाच्या पॅडपासून दोन-अडीच मीटरवर, लेगच्या बाजूला, गुडघ्यात वाकून उभं राहायची एक जागा असते. फॉरवर्ड शॉर्ट लेग. त्या जागेवर आजवर उभा राहिलेला सर्वोत्तम माणूस म्हणजे एकनाथ सोलकर. मुंबईतला नव्हे, भारतातला नव्हे, जगातला. यापुढे मी 'माझ्या मते' वगैरे लावणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

हे डोक्यात बसलं ते बेसबॉलमुळे. आमची टीम फिलाडेल्फियाच्या एका क्लायंटचं काम करते. रात्री साडेनऊच्या कॉलवर सगळे जमेपर्यंत तिथले दोघं जण दर आठवड्याला एकाच गोष्टीवर वाद घालायचे : इतिहासातला सर्वोत्तम थर्ड बेसमन कोण? एकजण माइक श्मिटवाला. श्मिट १९७२ ते १९८९ फिलाडेल्फियाकडूनच खेळला, ५४८ होमरन मारले, वर क्षेत्ररक्षणासाठीचे दहा गोल्ड ग्लव्ह. दुसरा ब्रुक्स रॉबिन्सनवाला. रॉबिन्सन बाल्टिमोरचा, फलंदाजी श्मिटच्या जवळपासही नाही, पण १९६० ते १९७५ सलग सोळा गोल्ड ग्लव्ह. म्हणजे वाद खरं तर असा, की थर्ड बेसला उभं राहणारा माणूस त्या जागेवर काय करतो यावरून मोजायचा, की बॅट हातात घेतल्यावर काय करतो यावरून?

थर्ड बेसला तिकडे 'हॉट कॉर्नर' म्हणतात. उजव्या हाताच्या फलंदाजानं जोरात ओढलेला चेंडू थेट तिथं येतो म्हणून. मी म्यूटवर बसून गणित केलं. होम प्लेटपासून थर्ड बेस ९० फूट, म्हणजे साधारण साडेसत्तावीस मीटर. चेंडू ताशी १६० किलोमीटरनं आला तर त्या माणसाला मिळतात ०.६ सेकंद. आता आपला शॉर्ट लेग घ्या. अंतर अडीच मीटर. फलंदाजानं फिरकीला नीट फटका मारला आणि चेंडू ताशी ९० नं आला, तरी वेळ मिळतो ०.१ सेकंद. माणसाच्या डोळ्यानं पाहिलं आणि हातानं हालचाल सुरू केली, एवढ्यालाच ०.२ सेकंदाच्या आसपास लागतात. वर थर्ड बेसवाल्याच्या हातात भलामोठा चामडी ग्लव्ह. सोलकर मोकळ्या हातांचा, आणि डोक्यावर काहीच नाही. कसोटीत पहिल्यांदा हेल्मेट घातलं ते ग्रॅहम यॅलपनं, मार्च १९७८ मध्ये, तेही फलंदाजी करताना. सोलकरची शेवटची कसोटी जानेवारी १९७७ ची.

या गणितातून एक गोष्ट निघते जी रील्सवाल्यांना कळत नाही. शॉर्ट लेगचे झेल 'रिफ्लेक्स'नं घेतले जात नाहीत. रिफ्लेक्सला वेळच नाही. ते झेल चेंडू बॅटला लागायच्या आधी घेतले जातात. फलंदाजाचा पुढचा पाय कुठं पडतोय, बॅट पॅडच्या पुढे आहे की मागे, मनगट कडक आहे की सैल, हे वाचून शरीर आधीच निघालेलं असतं. सोलकर वाचायचा. आणि वाचायला उभं राहावं लागतं. फलंदाजानं बॅट उगारली की डोकं खाली घालून पाठ वळवणं हा त्या जागेवरचा अगदी नैसर्गिक आणि समंजस प्रतिसाद आहे. तो प्रतिसाद दाबून टाकणं, षटकामागून षटक, दिवसभर, हे त्याचं कौशल्य.

आता आकडे, कारण मी इंजिनियर आहे आणि तुम्ही ते मागणारच. सोलकर २७ कसोटी खेळला, झेल ५३. कसोटीमागे १.९६. वीस किंवा जास्त कसोटी खेळलेल्या, यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूंमध्ये हे प्रमाण सर्वाधिक. बॉब सिम्प्सन, ज्याला जगातला थोर स्लिपवाला मानतात, त्याचे ६२ कसोटींत ११०, म्हणजे १.७७. राहुल द्रविडचे १६४ कसोटींत २१०, म्हणजे १.२८.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : 'अरे, बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकट गोलंदाजी करत असताना कुणीही झेल घेतले असते.' आक्षेप चांगला आहे. झेलांची संख्या ही संधींच्या संख्येवर चालते, आणि संधी गोलंदाज देतो. पण मग तपासायची रीतही सोपी आहे. त्याच संघात, साधारण त्याच काळात, त्याच चौघांच्या फिरकीवर जवळ उभे राहणारे बाकीचे बघा. अजित वाडेकर, उत्तम स्लिप फील्डर, ३७ कसोटींत ४६ झेल, १.२४. सय्यद अबिद अली, चपळ माणूस, २९ कसोटींत ३२, म्हणजे १.१०. गोलंदाज तेच, खेळपट्ट्या त्याच. मधला फरक कुणाचा?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'संधी' नावाची गोष्ट शॉर्ट लेगला आयती नसते. स्लिपमध्ये कड लागली की संधी, घेतली नाही तर सुटला. शॉर्ट लेगला बॅट-पॅडवरून चेंडू फुसकन उडतो आणि फूटभर पुढे पडतो. दुसरा कुणी असता तर त्याला कुणी संधी म्हटलंच नसतं. १९७१ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर, इंग्लंडच्या दुसऱ्या डावात, वेंकटराघवनच्या चेंडूवर अॅलन नॉटचा झेल असाच होता. नॉट त्या मालिकेत आपल्याला नडत होता. चेंडू मेलेला, खाली चाललेला. सोलकर पुढे झेपावला आणि पूर्ण आडवा होऊन जमिनीलगत उचलला. जुन्या फिल्ममध्ये आहे, फोनवर बघा, थांबवून थांबवून बघा. इंग्लंड १०१ मध्ये संपलं, चंद्रशेखरच्या ३८ धावांत सहा विकेट, आणि भारत इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कसोटी आणि मालिका जिंकला. इतिहासात ती चंद्राची कसोटी आहे, ते बरोबरच. पण पहिल्या डावात २८ धावांत तीन विकेट आणि फलंदाजीत ४४ हेही सोलकरचेच होते, हे किती जणांना माहीत आहे?

दुसरा आक्षेप माझे पुणेकर मित्र काढतात, आणि तो मला जास्त आवडतो. त्यांचा उमेदवार यजुर्विंद्र सिंग. जन्म राजकोटचा, पण रणजी महाराष्ट्राकडून खेळला, म्हणून त्यांचा. सोलकर कोलकात्यात शेवटचा खेळला त्याच मालिकेत, महिन्याभरानं, बंगळूरला यजुर्विंद्रचं पदार्पण झालं. एका डावात पाच झेल, सामन्यात सात. दोन्ही तेव्हाच्या विश्वविक्रमांच्या बरोबरीचे. एकूण चार कसोटी, ११ झेल. भागाकार करा, २.७५ येतात. पुणेकर भागाकार करून गप्प बसतो, पुढचं बोलत नाही. मी बोलतो. चार कसोटींच्या सरासरीवर तुम्ही प्रॉडक्शनला कोड ढकलाल का? १९७२-७३ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या पाच कसोटींच्या एकाच मालिकेत सोलकरचे झेल होते १२. आणि तो तसा सात वर्षं उभा होता. यजुर्विंद्रला जास्त संधी द्यायला हवी होती, हे मात्र मी पुण्यात येऊन सांगायला तयार आहे.

तिसरा आक्षेप, हल्लीचे फील्डर जास्त फिट, जास्त चपळ. मान्य. २९ जून २०२४ ला ब्रिजटाऊनमध्ये सूर्यकुमारनं मिलरचा झेल घेतला तेव्हा आमच्या सोसायटीत फटाके उडाले, मीही ओरडलो. सुंदर झेल. पण तो दोरीवरचा झेल होता, त्यात चुकलं असतं तर सहा धावा गेल्या असत्या आणि कदाचित विश्वचषक. शॉर्ट लेगला चुकलं तर काय जातं? फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात एका क्लब सामन्यात रमण लांबा षटकातले शेवटचे काही चेंडू उरले असताना त्या जागेवर गेला. हेल्मेट मागवायला नको म्हणाला. फटका डोक्याला लागला, तीन दिवसांनी तो गेला. अडतीस वर्षांचा होता. त्यामुळे हेल्मेट, शिनपॅड घालून उभे राहणारे आजचे फील्डर भित्रे आहेत असं मी कधीही म्हणणार नाही, त्यांनी ते घातलंच पाहिजे. मी इतकंच म्हणतो की दोन्ही कामांची तुलना करताना हा फरक खिशात घालून पुढे जाऊ नका.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते.

शॉर्ट लेगला कुणाला पाठवतात? गल्लीपासून कसोटीपर्यंत उत्तर एकच : नवीन आलेल्याला. सीनियर स्लिपमध्ये उभे राहून गप्पा मारतात, पोरगा पुढे. जागा सगळ्यात धोक्याची आणि मान सगळ्यात कमी. आमच्या धंद्यात याला ऑन-कॉल म्हणतात. रात्री तीनला सर्व्हर पडला तर उठायचं, उठून तो उभा करायचा, आणि सकाळी कुणाला काही कळलंच नाही म्हणजे काम चोख झालं. एप्रिलमध्ये अप्रेझलच्या फॉर्मवर त्यासाठी रकाना नसतो. रकाना असतो नवीन फीचरला. माझ्या आधीच्या कंपनीत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीनं वर्षभर हे केलं आणि रेटिंग मिळालं 'अपेक्षेप्रमाणे'. अपेक्षा काय होती हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

सोलकरचे वडील मरीन ड्राइव्हवरच्या हिंदू जिमखान्याचे माळी, मैदान राखणारे. कुटुंब तिथल्याच एका खोलीत राहायचं. हा मुलगा दुसऱ्यांच्या सामन्यांत स्कोअरबोर्डाचे पत्रे बदलायचा. मला हा तपशील फार छळतो. ज्यानं लहानपणी दुसऱ्यांचे आकडे टांगले, त्याच्या कामाचा आकडा टांगायला त्या बोर्डावर जागाच नव्हती. बेसबॉलच्या स्कोअरबोर्डावर तीन रकाने असतात : रन, हिट आणि एरर. क्षेत्ररक्षकाची चूक तिथं शंभराहून जास्त वर्षं नोंदली जाते. ती चूक ठरवणारा माणूसच असतो, त्यावर भांडणं होतात, सगळं खरं. पण चूक नोंदली म्हणूनच रॉबिन्सनचं चूक न करणं दिसलं. त्यातून पुढचे हिशोब निघाले, कोण किती चेंडूंपर्यंत पोचतो याचे. आपल्या स्कोअरकार्डात सुटलेला झेल नाही. फलंदाज शून्यावर सुटून शतक मारतो, कार्डात फक्त शतक. घेतलेला झेलसुद्धा गोलंदाजाच्या विकेटला शेपटीसारखा जोडलेला. मग वानखेडेवर स्टँडना नावं कुणाची? मर्चंट, गावसकर, तेंडुलकर, २०२५ पासून वाडेकर आणि रोहित. सगळे थोर, आणि सगळे फलंदाज.

यावर कुणीतरी हमखास म्हणतं, 'सोलकरची फलंदाजीची सरासरी २५, आणखी काय हवं?' १९७१ च्या किंग्स्टनला ७५ वर पाच गेलेले, तिथून सरदेसाईबरोबर १३७ ची भागी, त्यात याच्या ६१. त्याच वर्षी लॉर्ड्सला ६७. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडेच्या पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडिजविरुद्ध १०२. इंग्लंडमध्ये डावखुऱ्या मध्यमगतीवर जेफ बॉयकॉटला पुन्हा पुन्हा बाद केलं ते वेगळंच. पण हे मी नाइलाजानं लिहितोय. रॉबिन्सनवाला जशी श्मिटच्या होमरनला उत्तरं शोधत बसतो, तसं बॅटच्या भाषेत उत्तर द्यायला लागणं हाच खरा पराभव आहे. एक्की (मैदानावर सगळे त्याला हेच म्हणायचे) शून्यावर शून्य काढत राहिला असता तरी त्या जागेवर माझ्या संघात तोच.

आमच्या नाहूरला फास्ट लोकल थांबत नाही. भांडुप आणि मुलुंडच्या मधे आम्ही आहोत हे बऱ्याच जणांना स्लोमध्ये बसल्यावरच कळतं. त्यामुळे असेल, मधल्या जागांबद्दल मी जरा हळवा आहे. रविवारी रात्री आम्ही टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळतो, एका डोक्यामागे दीडशे रुपये. स्कोअरिंगसाठी मी एक छोटं वेबपेज बनवलंय, त्यात गेल्या डिसेंबरपासून दोन रकाने वाढवलेत : सुटलेले झेल आणि वाचवलेल्या धावा. ग्रुपवर तीन जणांनी विरोध केला. तिघंही ओपनर आहेत.