प्राण वाचविणारी सुई कोणाच्या मालकीची?

आग विझविण्याचे नळकांडे चित्रपटगृहात, बँकेत, कारखान्यात असलेच पाहिजे, हा दंडक आज कोणालाही जाचक वाटत नाही. प्रत्येक प्रेक्षकाने आपापले नळकांडे काखोटीला मारून यावे, असे कोणी सुचविल्यास त्याची गणना वेड्यात होईल. परंतु ॲलर्जीच्या जीवघेण्या झटक्यावरील औषधाच्या बाबतीत नेमका हाच वेडेपणा शहाणपण म्हणून चालू आहे. ज्याला धोका असेल त्याने औषध विकत घेऊन खिशात बाळगावे. ज्याला परवडत नसेल त्याने नशिबावर हवाला ठेवावा!

मधमाशी डसली, शेंगदाण्याचा कण पोटात गेला, पेनिसिलिनची सुई टोचली आणि ते शरीराला मानवले नाही, तर काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. वैद्यकशास्त्र याला ॲनाफिलॅक्सिस म्हणते. अशा मृत्यूंचा ब्रिटनमधील एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. हृदय किंवा श्वास बंद पडण्यास अन्नामुळे साधारण ३० मिनिटे, दंशामुळे १५, तर टोचलेल्या औषधामुळे अवघी ५ मिनिटे लागल्याचे त्यात आढळले. पहिला उपाय एकच: मांडीच्या बाहेरील स्नायूत ॲड्रेनलिन, आणि तेही तत्काळ. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते, हे स्वागतार्हच आहे. पण उसाच्या फडात किंवा गडाच्या माथ्यावर ती १५ मिनिटांत कशी पोहोचणार? माणूस औषधापर्यंत पोहोचत नसेल, तर औषधच माणसांच्या वावरात असले पाहिजे.

हे औषध दुर्मीळ आहे काय? मुळीच नाही. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी १९०१ च्या सुमारास ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १९०४ मध्ये ते प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या बनविण्यात आले. त्यावरील पेटंटची मुदत केव्हाच सरली. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ते आहे आणि एक मिलिग्रॅमची काचेची कुपी काही रुपयांत मिळते. महाग आहे ती अडाण्यालाही टोचता यावी अशी स्प्रिंगची स्वयंचलित सुई. तिचीही जन्मकथा बोलकी आहे. विषारी वायूवरील उतारा सैनिकाला स्वतः टोचून घेता यावा, यासाठी अमेरिकी लष्कराकरिता जे साधन घडविले गेले, त्याच घराण्यातील ही सुई. ‘एपिपेन’ या नावाने तिला १९८७ मध्ये परवानगी मिळाली. म्हणजे पाया जनतेच्या पैशाने घातला गेला आणि वरचे मजले खासगी मालकीचे झाले.

पुढील इतिहास डोळे उघडणारा आहे. २००७ मध्ये हे उत्पादन मायलन कंपनीच्या हाती आले. तेव्हा दोन सुयांच्या जोडीला सुमारे १०० डॉलर पडत. २०१६ पर्यंत ती किंमत ६०० डॉलरवर गेली. आतील औषध तेच आणि तेवढेच. दरम्यान २०१३ मध्ये, शाळांनी हे औषध ठेवावे यासाठी राज्यांना उत्तेजन देणारा कायदा अमेरिकेत झाला. कायद्याचा हेतू निर्विवाद चांगला होता. परंतु ठेवण्याची जबाबदारी समाजाची आणि किंमत ठरविण्याचा अधिकार मक्तेदाराचा, अशी वाटणी झाली की लोकहित हेच नफ्याचे कुरण बनते. कंपनीच्या प्रमुख हीदर ब्रेश यांना सप्टेंबर २०१६ मध्ये लोकप्रतिनिधींपुढे जाब द्यावा लागला. गरिबांच्या मेडिकेड योजनेला देय असलेली सवलत कमी दिल्याच्या आरोपावरून कंपनीने २०१७ मध्ये ४६.५ कोटी डॉलर भरून तडजोड केली. दंड भरता येतो. औषधावाचून गेलेला जीव परत येत नाही.

बाजारपेठेचे पुजारी म्हणतील, स्पर्धा वाढू द्या, किंमत आपोआप उतरेल. पण श्वास कोंडलेल्या मुलाची आई घासाघीस करीत नाही. आणि कधी लागेल याचा नेम नाही, मुदत मात्र ठरलेली, असा माल कोणता दुकानदार खेड्यात मांडून बसेल? संकट कोणावर येईल हे सांगता येत नाही, म्हणूनच त्याची तजवीज सर्वांनी मिळून करणे स्वस्त पडते. हजार जणांनी हजार सुया घेण्यापेक्षा त्या हजारांच्या वावरात एक पेटी ठेवणे, हा भाबडा परोपकार नव्हे. तो सरळ हिशेब आहे.

“अप्रशिक्षित हाती सुई धोक्याची,” हा आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु त्याचे उत्तर प्रशिक्षण हे आहे, निष्क्रियता नव्हे. ब्रिटनने २०१७ मध्ये शाळांना अशा सुया चिठ्ठीविना खरेदी करण्याची मुभा दिली. आपल्याकडेही २०२१ मध्ये कोरोनाची लस देताना शाळाशाळांतून, सभागृहांतून केंद्रे उघडली. लस घेणाऱ्यास अर्धा तास बसवून ठेवले गेले आणि ॲनाफिलॅक्सिसची औषधपेटी जवळ राखली गेली. जे लसीकरणाच्या दिवसांत शक्य झाले, ते एरवी अशक्य कसे?

तेव्हा मागणी नेमकी केली पाहिजे. आश्रमशाळा, एसटी स्थानके, ऊसतोडणी कामगारांचे तळ, पर्यटकांचे गड येथे, उन्हापासून सुरक्षित आणि मुदत तपासलेली औषधपेटी असावी. तूर्त कुपी, सिरिंज आणि मात्रेचा मराठी तक्ता एवढे पुरे. शिक्षक, वाहक, मुकादम यांना आरोग्यसेविकांकडून शिक्षण मिळावे. रस्त्यावरील अपघातात मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने जे संरक्षण दिले, तेच येथेही लागू व्हावे. स्वयंचलित सुई बनविण्याचे काम हाफकिनसारख्या सार्वजनिक संस्थेकडे सोपवावे, म्हणजे अमेरिकेची पुनरावृत्ती टळेल.

कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रापासून आरंभ करावा. ॲड्रेनलिनची कुपी आहे काय, ती कोणाच्या कुलपात आहे आणि किल्ली रात्री कोठे असते, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर न मिळाल्यास तेच प्रश्न पंचायत समितीच्या सभेत विचारावेत, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावेत.