अंगण खरेच वाकडे असेल तर?

गेल्या ऑगस्टमध्ये आपल्या मैदानावर घाटावरच्या एका कॉलेजाशी फुटबॉलचा मैत्रीचा सामना झाला आणि तो आपण २-१ असा जिंकला, हे या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. जिमखान्याच्या अहवालात त्याची रीतसर नोंद आहेच. अहवालात जे नाही त्याबद्दल मला चार शब्द लिहायचे आहेत. सामना संध्याकाळी पाचच्या सुमारास संपला. पण त्याची खरी मौज पुढे पंधरा दिवस चालली. ती मौज होती हरलेल्यांनी सांगितलेल्या कारणांची.

हरल्यावर पाहुण्यांनी चार कारणे सांगितली. मैदानात चिखल फार होता. पंच यजमानांच्या गावचे होते. दुपारच्या जेवणात माशांचे सार होते, त्याची त्यांच्या मुलांना सवय नव्हती. आणि चौथे, येताना आंबोलीच्या घाटात झाड पडले होते, ते ओढण्यात पायांतला जीव गेला.

एवढे भांडवल मिळाल्यावर आपली मंडळी गप्प बसणार थोडीच! दुसऱ्याच दिवशी कॅन्टीनच्या भिंतीवर ‘आजचा बाजारभाव’ लागला. चिखल, पायलीला दोन रुपये. पंच, नग एक, घासाघीस नाही. बांगड्याचे सार, पोटदुखीसह मोफत. “आमच्या पायांक काय चिखल लागणा नाय?” हे वाक्य तर वर्गात हजेरी घेताना सुद्धा ऐकू येई. उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्याला मराठीच्या सरांनीच विचारले, “काय रे, घाटात झाड पडलं होतं का?” सगळा वर्ग हसला. सरांना मी दोष देत नाही. ते जे ऐकले त्यावर बोलले.

या सगळ्या विनोदांत एक विनोद सर्वांत गाजला. सामना संपल्यावर त्यांचा कप्तान आपल्या सरांना सांगत होता, “घाटात झाड पडलं होतं, सर. दोन तास ओढत होतो.” तेव्हा आपल्या घोळक्यातून कोणीतरी ओरडले, “झाड नाय रे, तुमचो गोलकीपर पडलो!” पहिला गोल त्यांच्या गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटून झाला होता, त्यामुळे टोला अचूक बसला. कप्तान पुढे काही बोलला नाही. हे वाक्य नंतर स्नेहसंमेलनाच्या फिशपाँडांत आले, एका वहीच्या मुखपृष्ठावर आले. ते ओरडणारा ‘कोणीतरी’ म्हणजे प्रस्तुत लेखक.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो आणि हरलेल्याच्या तोंडावर फेकतो. म्हण खोटी नाही. परंतु एखादे वेळी अंगण खरेच वाकडे असेल तर काय करायचे, हे ती म्हण सांगत नाही.

मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत: कारण आणि सबब. (कोर्टाच्या कागदांत ‘सबब’ म्हणजे ‘म्हणून’ असा अर्थ असतो, पण ते वकील मंडळींपुरते राहू दे.) कारण म्हणजे जे घडले त्यामागची खरी गोष्ट. सबब म्हणजे आपला दोष झाकायला पुढे केलेली गोष्ट. गंमत अशी की पुष्कळदा एकच गोष्ट दोन्ही असू शकते. पाऊस खराही असतो आणि पांघरूण म्हणूनही वापरता येतो. मग ओळखायचे कसे?

जगातल्या मोठ्या संघांकडे पाहू. १३ एप्रिल १९९६ रोजी मँचेस्टर युनायटेडचा संघ साउदॅम्प्टनला खेळायला गेला तो राखाडी शर्ट घालून. मध्यंतराला तीन गोलांनी मागे. मध्यंतरात सगळ्या संघाने शर्ट बदलले, निळे-पांढरे घातले आणि तरीही सामना ३-१ असा हरला. राखाडी रंगात खेळाडूंना एकमेक नीट दिसत नाहीत, असे त्यांचे प्रशिक्षक फर्ग्युसन यांचे म्हणणे. फुटबॉलचे जग या शर्टाला आजही हसते. हसावे असेच ते आहे. पण त्याच मोसमात त्या संघाने लीगचे अजिंक्यपदही मिळवले, हेही हसताना आठवावे.

दुसरे उदाहरण पावसाचे. ४ जुलै १९५४ रोजी बर्न येथे विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. हंगेरीचा संघ १९५० पासून हरलाच नव्हता. त्याच स्पर्धेत आधी त्याने पश्चिम जर्मनीला ८-३ असे धुतले होते. अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस पडला. जर्मनांच्या बुटांचे खालचे खिळे स्क्रूने बदलता येण्याजोगे होते, ते चिखलासाठी लांब लावता आले. जर्मनी ३-२ ने जिंकली. हंगेरीला पावसाने हरवले म्हणायचे की जर्मनीने पावसाची तयारी केली म्हणून ती जिंकली? माझ्या मते दोन्ही खरे आहे. आणि चिखल दोघांनाही सारखाच लागतो हा आपल्या कॅन्टीनमधला युक्तिवाद तेवढा खरा नाही. चिखल सारखा असतो, बूट सारखे नसतात.

तिसरे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. २२ जून १९८६, मेक्सिको, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. मॅराडोनाने पहिला गोल हाताने केला आणि पंचांनी तो मान्य केला. इंग्लंडची तक्रार शंभर टक्के खरी होती. पण चारच मिनिटांनी त्याच मॅराडोनाने अर्ध्या मैदानापासून इंग्लंडच्या खेळाडूंना चकवत दुसरा गोल केला, त्याला हात लागला नव्हता. तक्रार खरी असूनही हार पूर्णपणे समजावून सांगायला ती अपुरी पडते, असेही होते.

आणि आपला देश? १९५० च्या विश्वचषकाला भारत गेला नाही, कारण अनवाणी खेळू देणार नव्हते, ही कथा आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. तेव्हाच्या फुटबॉल महासंघाने दिलेली कारणे मात्र वेगळी होती: संघनिवडीवरचे मतभेद आणि सरावाला न मिळालेला वेळ. ही कारणे रूक्ष आहेत. अनवाणी पायांची कथा सुंदर आहे, म्हणून ती टिकली. म्हणजे दुसऱ्याच्या खऱ्या कारणाला सबब म्हणून हसणारे आपण, स्वतःसाठी एक देखणी सबब पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवतो.

याच इतिहासात मला ओळखीची खूण सापडते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. आपले बरेच खेळाडू तेव्हाही अनवाणी होते. ‘थंडी होती, पायांत बूट नव्हते’ एवढे म्हणून गप्प बसता आले असते. पण त्यानंतर बूट सक्तीचे झाले. चारच वर्षांनी, १९५६ मध्ये, मेलबर्नला नेव्हिल डिसूझा याने तीन गोल करून ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवायला हातभार लावला आणि भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला. हरल्यावर सांगितलेली गोष्ट पुढच्या वेळेपर्यंत दुरुस्त केली तर ते कारण. तीच गोष्ट दर वर्षी सांगितली तर ती सबब. दुसऱ्या दिवशीच्या बाजारभावावरून हे ठरत नाही; त्याला पुढचा मोसम उजाडावा लागतो.

आपल्या शेजारच्या गोव्याचेच पाहा. १९८२-८३ मध्ये संतोष करंडक गोव्याला मिळाला तो बंगालबरोबर वाटून. अर्ध्या करंडकाची चेष्टा करायला कुणालाही वाव होता. ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या गोव्याने पुढच्याच वर्षी, १९८३-८४ मध्ये, तो एकट्याने जिंकला. यापेक्षा चांगले उत्तर दुसरे कोणते?

येथे कोणी म्हणेल, लेखक महाशय फारच गंभीर झाले. फुटबॉल आला की चेष्टा आलीच. मान्य. मी चेष्टेच्या विरुद्ध नाही. बांगड्याच्या साराची चेष्टा झाली तेव्हा मीही पोट धरून हसलो आणि उद्याही हसेन. कोल्हापूरच्या तालमींचे समर्थक एकमेकांना काय काय बोलतात ते ज्याने शाहू स्टेडियमवर ऐकले आहे, त्याला आपला बाजारभाव भजनासारखा वाटेल. समोरच्या संघाला चिडवायचेच नाही असे ठरले तर मैदानावर फक्त बावीस खेळाडू आणि जिमखान्याचे सर उरतील. शिवाय चेष्टेचा एक उपयोगही आहे: उद्या आपण हरलो तर आपल्यावर तीच वेळ येईल या भीतीने माणूस सबब सांगण्यापूर्वी दोनदा विचार करतो.

पण आपण खरेच दोनदा विचार करतो का? आदल्या वर्षी आपण त्यांच्याकडे ३-० असे हरलो. परतताना गाडीत मी होतो. मैदान कडक होते, ऊन लागले, पाणी बाधले, चेंडूत हवा जास्त होती, मैदानाचा उतार त्यांच्या बाजूचा होता. ही सगळी कारणे मी मोजली होती, पाच. त्यांची चारच. आणि आपल्या पाचांतले एकही आपण पुढे तपासले नाही.

आता जे सांगायचे टाळत होतो ते सांगतो.

मी आंबोलीचा. आमच्याकडे वर्षाला सातशे सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पावसाळ्यात घाटात दरड किंवा झाड येणे ही आम्हाला बातमी वाटत नाही. त्या दिवशी सकाळी मी एस.टी.ने सावंतवाडीकडे निघालो. घाटात धुके इतके की ड्रायव्हरने दिवे लावले होते. अर्ध्या उतरणीवर गाडी थांबली. पुढे दहा-बारा वाहने उभी, आणि रस्त्यावर एक मोठे झाड आडवे. मी खिडकीशी बसून होतो. पाऊस तिरका येत होता म्हणून काच ओढून घेतली. काचेतून दिसत होते की पंधरा-सोळा पोरे, अंगात एकसारखे ट्रॅकसूट, फांद्या तोडून दरीच्या बाजूला ओढत होती. कोयता एकच होता, कुठल्या तरी ट्रकवाल्याचा. बाकी सगळे हातांनी. आमच्या गाडीतली चार माणसे उतरून त्यांना मिळाली. मी उतरलो नाही. माझे कपडे इस्त्रीचे होते.

त्यांतल्या एकाचा तळहात फाटला. त्याने रुमाल गुंडाळला आणि पुन्हा फांदी धरली. दोनेक तासांनी एका गाडीपुरती वाट झाली. आमची एस.टी. निघाली, आणि मी सामन्याला वेळेवर पोचलो.

दुपारी मैदानावर त्यांचा गोलरक्षक हातमोजे घालत होता तेव्हा त्याच्या तळहातावरचा रुमाल मी ओळखला. पहिला गोल त्याच हातातून निसटला. आणि तरीही ते वाक्य माझ्या तोंडून गेले.

का गेले, याचा मी पुष्कळ विचार केला. खालच्या बाजूची मुले मला पहिल्या दिवसापासून “आंबोलीचो म्हणजे अर्धो घाटी” म्हणत. चिडवण्यात राग नव्हता, पण मला ते लागत होते. त्या संध्याकाळी घाटावरच्यांना सर्वांत मोठ्याने हसणारा मी ठरलो आणि दुसऱ्या दिवसापासून मला कोणी अर्धा घाटी म्हटले नाही. माझ्या विनोदाचा हा भाव कोणत्याही फळ्यावर लागला नाही.

म्हणून माझे मत एवढेच आहे. चिखलाला हसा, पंचांना हसा, माशांच्या साराला तर जरूर हसा. जे कारण खरे की खोटे हे आपल्याला ठाऊक नाही त्यालाही हसलात तर चालेल. खेळात तेवढी मुभा असते. पण जे खरे असल्याचे आपल्याला ठाऊक आहे त्याला सबब म्हणून हसू नये. ती चेष्टा राहत नाही, खोटी साक्ष होते. आणि जिंकलेल्या संघाच्या सुद्धा सबबी असतात. त्या विचारणारे कोणी नसते इतकेच.

आपल्या कॉलेजचा वार्षिक अंक दरवर्षी इतर कॉलेजांच्या ग्रंथालयांना पाठवला जातो. हा अंक घाटावरही जाईल. तिथे तो कोणी उघडेल की नाही ते मी सांगू शकत नाही. उघडलाच तर त्यांच्या कप्तानाने आणि गोलरक्षकाने एवढी ओळ वाचावी: त्या दिवशी घाटात झाड पडले होते, ते तुम्ही ओढलेत, आणि मी ते पाहिले होते. पुढच्या ऑगस्टला आपला संघ वर जाणार आहे. मीही जाणार आहे, आणि या वेळी कपडे इस्त्रीचे नसतील.