बोटे मोडल्याने सांधे झिजतात का?

घरात कोणी कडाकडा बोटे मोडू लागले की आजी दटावते, "अरे, म्हातारपणी हात वाकडे होतील!" आणि तीच आजी नातवाची दृष्ट काढताना आपल्या कानशिलावर दहाही बोटे मोडते. मग यातले खरे काय?

बैलगाडीच्या आसाला वंगण घालावे लागते. सांध्याला ते वंगण शरीरच पुरवते. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, भोवती पिशवीसारखे आवरण असते आणि त्यात हे चिकट वंगण असते. या वंगणात थोडा वायू विरघळलेला असतो. बोट ताणले की आतली जागा एकदम वाढते, दाब उतरतो आणि वायूचा बुडबुडा होतो. सोड्याची बाटली उघडताच बुडबुडे येतात, तसाच हा प्रकार. आवाज बुडबुडा होताना येतो की मोडताना, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. पण हाडावर हाड आपटून तो येत नाही, हे नक्की. वायू पुन्हा विरघळायला वीसएक मिनिटे लागतात, म्हणून तेच बोट लगेच दुसऱ्यांदा वाजत नाही.

अमेरिकेतील डॉ. डोनाल्ड उंगर यांनी पन्नासहून अधिक वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे रोज मोडली, उजव्या हाताची मोडली नाहीत. १९९८ साली त्यांनी लिहिले की दोन्ही हातांत संधिवात नाही आणि काही फरकही नाही. हा एकाच माणसाचा अनुभव झाला. पण अनेक लोकांचे हात तपासून केलेल्या पाहण्यांतही या सवयीने सांधे झिजतात असे दिसलेले नाही. १९९० सालच्या एका पाहणीत अशा लोकांच्या हाताला सूज आणि पकड कमी असल्याचे आढळले होते. पुढच्या पाहण्यांत तसे आढळले नाही.

तेव्हा मुलांना या कारणाने मारू नका. भीती वाजणाऱ्या बोटांची नाही, सुजणाऱ्या बोटांची बाळगा.

पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस या संस्थेचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली इंदापूर तालुक्यातील भिगवण गावी घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांवर प्रौढ माणसे विचारात घेतली. शेकडा अठरा जणांना सांधे, स्नायू, कंबर यांचे दुखणे होते. दर दोनशे माणसांत साधारण एकाला आमवात होता. हाच आमवात बोटे खरोखर वाकडी करतो, आणि तो पुरुषांपेक्षा बायकांना अधिक होतो.

खुरपणी, धारा काढणे, धुणे यांनी बोटे दुखतातच, असे म्हणून आपल्या भगिनी हे दुखणे अंगावर काढतात. पण पुढील खुणा दिसल्या तर थांबू नका. सकाळी उठल्यावर बोटे अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक वेळ आखडलेली राहणे, दोन्ही हातांच्या बोटांच्या मुळाशी किंवा मनगटाला सूज, मूठ न वळणे, आणि हे सहा आठवडे टिकणे. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तेथून पुण्याच्या ससून रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी जाता येईल. लवकर औषध सुरू झाले तर बोटे वाकडी होणे बहुधा टळते. बाजारातल्या बिननावाच्या पुड्या मात्र घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. त्याने तात्पुरता आराम पडतो, पण पुढे हाडे ठिसूळ होतात.

आणखी एक. बोटे मोडणे निराळे आणि दाढी-मालिशनंतर मान झटक्याने मोडून घेणे निराळे. मानेतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात, तेथे इजा झाली तर जिवावर बेतू शकते. मान कोणाच्याही हाती देऊ नका.

बोट मोडताना दुखत असेल, किंवा मार लागल्यावर सूज असेल, तर तेही बोट ओढू नका. एरवी आजीला खुशाल दृष्ट काढू द्या. फक्त तिची बोटे सुजलेली तर नाहीत ना, एवढे पाहा.