गप्प झालेलं लेकरू आधी बघा

पोटमाळ्यावरून पडलेलं किंवा टेम्पोची धडक बसलेलं लेकरू दवाखान्यात नेलं, की जे जोरात रडतं त्याच्याभोवती गर्दी होते. माझं मत उलटं आहे. रडणाऱ्याचा श्वास निदान चालू असतो. तासाभरापूर्वी ओरडत होतं आणि आता हाक मारली तरी डोळे उघडत नाही, त्या लेकराकडे आधी धावलं पाहिजे. ‘शांत झालाय, झोपू द्या’ हे अपघातानंतर फार महागात पडतं.

दहा किलोच्या लेकराच्या अंगात रक्त असतं सुमारे ८०० मिलि. चहाच्या दोन छोट्या कपांएवढं, म्हणजे २०० मिलि गेलं, तरी चौथा हिस्सा गेला. तरीही बीपी बराच वेळ ठीक दिसतो, कारण हृदय जोरात धावतं आणि हातापायांकडचं रक्त आखडून घेतलं जातं. बीपी पडतो तेव्हा वेळ फार थोडा उरलेला असतो. बरगड्याही लवचिक; त्या न मोडता आतलं यकृत फाटू शकतं.

म्हणून जाणती सिस्टर नुसत्या बीपीवर थांबत नाही. नाकपुड्या फुलतात का, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते का, तळपाय गार आहेत का, हे ती बघते. छातीवर पाच सेकंद बोट दाबून सोडते. दोन सेकंदांत रंग परतला नाही तर डॉक्टरांना बोलावते. (सावळ्या अंगावर रंग कळत नसेल तर नख, तळवा बघावा.) आणि हे एकदा करून भागत नाही. नाडी १२० होती, मग १४५, मग १७०, हे वेळ टाकून ओळीनं लिहिलं तरच कळतं.

या तपासणीत आई हवी. कॅज्युअल्टीत आधी तिलाच बाहेर काढतात, ते मला पटत नाही. ‘हा असा कधी झोपत नाही’ हे दुसरं कोण सांगणार? आपल्या बाया सिस्टरशी बोलायला बिचकतात. वस्सकन अंगावर येणं अनेकींनी सोसलंय. सिस्टरही बऱ्याचदा एकटीच असते, तेही खरं. तरी सांगायचंच: किती उंचीवरून पडलं, शुद्ध गेली होती का, उलटी झाली का, शेवटचं कधी खाल्लं. आणि वजन. औषध, सलाईन सगळं वजनावर ठरतं. ते अंगणवाडीच्या कार्डावर असतं, कार्ड सोबत घ्या.

वाटेत पाणी, चहा पाजू नका, ऑपरेशन लागू शकतं. मान वाकवू नका. अंगावर पांघरूण घाला. लेकरू लवकर गार पडतं, आणि गार अंगात रक्त नीट गोठत नाही.

‘आधी पोलीस केस करा’ म्हणून कुणी अडवलं, तर परमानंद कटारा खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा निकाल सांगा: सरकारी असो वा खाजगी, डॉक्टरनं आधी जीव वाचवायचा, कागद नंतर.

एक गोष्ट मात्र अपघाताआधीच करायची. मोठ्यांचा बीपीचा पट्टा लहान दंडाला बांधला की आकडा चुकीचा येतो. आपल्या सरकारी रुग्णालयात मुलांच्या मापाचा पट्टा, छोटा ऑक्सिजन मास्क आणि वजनकाटा कॅज्युअल्टीतच आहे का, हे रुग्ण कल्याण समितीला लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या.