पदार्थाचा फोटो कुठून घ्यावा?

एका वाचक भगिनीचं लांबलचक पत्र आलं आहे. त्या घरी फराळाचे जिन्नस करून विकतात. चवीबद्दल कुणाची तक्रार नाही, एकदा नेलेलं गिऱ्हाईक पुन्हा येतं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाहून नवीन माणूस काही विचारत नाही. ‘माझी चकली फोटोत काळपट चकतीसारखी दिसते आणि पुरणपोळी साध्या पोळीसारखी. महागाचा फोन घ्यावा का? घरातून मात्र नको म्हणतात,’ असं त्यांनी विचारलंय. सोबत चार फोटोही आहेत.

ताई, फोनवर पैसे घालवू नका. तीन फोटो तुम्ही ओट्याशी उभ्या राहून, हात जरा पुढे करून घेतलेत. पदार्थ बदलले, पण तुमची जागा बदलली नाही. खरी गोम तिथे आहे. (चौथ्या फोटोबद्दल पुढे सांगते.)

फोटो काढण्याआधी पदार्थाकडे नीट पाहावं. त्याची ओळख कशात आहे? पाठीवर, उंचीत, की पोटात? ती जिथून दिसेल तिथे फोन न्यायचा.

चकलीची ओळख वरून. तिचे वेढे बरोबर डोक्यावरूनच मोजता येतात. पण ट्यूबखाली असा फोटो घेतलात तर आपल्याच हाताची सावली पडते आणि काटे सपाट होतात. ताट खिडकीशी न्या, दिवे बंद करा आणि उजेड एका बाजूनं येऊ द्या. मग एकेक काटा उठून दिसतो. अनारशाची खसखस नि जाळीही अशीच टिपावी. फोन मात्र ताटाला अगदी समांतर हवा. जरा कलला की गोल ताट लंबगोल होतं. फोनच्या सेटिंगमध्ये पडद्यावर उभ्या-आडव्या रेघा आणायची सोय असते, तिचा आधार घ्यावा.

पुरणपोळीचं सगळं वैभव पोटात! वरून ती पोळीच दिसणार, त्यात तिचा काय दोष? तीन-चार पोळ्या चौघडी घालून एकावर एक ठेवा, वरची मधून फाडा, पुरण दिसू द्या. मग फोन खाली, थेट ताटाच्या पातळीवर आणा. करंजीही अशीच, पण एक मोडून सारण दाखवायला हवं. चिरोट्याचे पदर आणि उकडीच्या मोदकाचं टोकही खालूनच शोभतं. या कोनात एक पंचाईत होते. मागचा मिक्सर, नळ, सिलिंडर सगळं फोटोत येतं. मागे खुर्चीवर एखादी साधी, बिनबुट्ट्यांची सुती साडी टाकली की काम भागतं.

मिसळ, आमटी, खीर यांचं निराळं. अगदी वरून घेतलं तर वाटीची खोली कळत नाही, अगदी समोरून घेतलं तर नुसती वाटीच दिसते. त्यासाठी मधला कोन, म्हणजे काटकोनाच्या निम्मा, पंचेचाळीस अंशांचा. जेवायला बसलेल्या माणसाला पान साधारण असंच दिसतं, म्हणून असा फोटो पाहिला की आपल्यापुढेच वाढून ठेवल्यासारखं वाटतं. वाटी उथळ घ्यावी, म्हणजे काठाआड तर्री लपत नाही. आणि शक्यतो चिनी मातीची घ्यावी. चकचकीत स्टीलच्या वाटीत फोटो काढणारीचा गाऊनही उमटतो, बरं का!

सणाचं पान मात्र वरूनच. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे ही सगळी मांडणी तेव्हाच कळते. फोटो घेताना जेवणाऱ्याच्या बाजूला उभं राहावं. समोरून घेतला तर पान उलटं येतं आणि डावं-उजवं बदलतं. स्वतःचा फोटो काढायचा पुढचा कॅमेरा तर वापरूच नये. काही फोन त्यातलं चित्र आरशासारखं फिरवून ठेवतात, आणि मग सासूबाईंच्या पिढीतलं कुणी ना कुणी ‘भाजी डावीकडे कशी वाढलीस?’ म्हणून विचारतंच.

आता तुमचा चौथा फोटो. बेसनाचे लाडू. फोन लाडवाला जवळजवळ टेकवून, खालून घेतलेला. लाडू नारळाएवढा दिसतोय! फोनची भिंग मुळातच रुंद नजरेची असतात. त्यांना जवळची वस्तू वाजवीपेक्षा मोठी आणि मागची लहान दिसते. तुम्ही मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही, पण हा फोटो गिऱ्हाइकांना पाठवू नका. डबा उघडल्यावर लहान लाडू निघाला की चव कितीही चांगली असो, मनात खोट बसते. एकदा नेणारा परत येतो हेच तुमचं भांडवल आहे, ते एका फोटोपायी कशाला घालवायचं? दोन हात मागे सरका आणि फोनमधूनच चित्र दुपटीनं जवळ आणा. आकार खरा दिसेल. शेजारी नेहमीची आमटीची वाटी ठेवा, म्हणजे लाडू केवढा ते न विचारता कळेल. फोटोखाली वजन आणि नगही लिहा.

शेवटी वेळेचं. कोन शोधताना पदार्थ गार होतो, खिरीवर साय धरते, घरातली माणसं ताटावर खोळंबतात. म्हणून जुळवाजुळव रिकाम्या ताटावर करावी. उजेड, मागचं कापड, फोनची उंची सगळं ठरवून, एक-दोन फोटो काढून बघावेत. पुरी टम्म राहते ती दोन-चार मिनिटंच, तेव्हा हे सगळं झालं की मगच ती कढईत सोडा.