यंत्र उत्तर कोणाला देते?

आश्रमशाळा, वसतिगृहे, ग्रामसभा, सहकारी संस्था, या सर्वांनाच आज संगणकीय व्हावे लागत आहे. आमच्या संस्थेतही वसतिगृहासाठी बोटाच्या ठशावर चालणारे हजेरीयंत्र बसविण्याचा विचार चालू आहे. त्यास आमचा विरोध नाही. परंतु यंत्र विकत घेणे आणि ते आपलेसे करणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर कसे ओलांडावे, याचा एक उत्तम दाखला आमच्याच अरण्यप्रदेशात घडलेला आहे.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. न्यूमोनियाने दगावणारी बालके हा तेथील मोठा प्रश्न होता. हा आजार ओळखण्याची एक खूण म्हणजे मिनिटातील श्वासांची संख्या. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, त्यापुढे वर्षापर्यंतच्या बाळाचे ५० किंवा अधिक भरले, तर धोका समजावा. डॉक्टरला हे सोपे. पण बाळाजवळ असे ती गावची सुईण. तिला अक्षरओळख नव्हती आणि पन्नास-साठपर्यंत मोजणे अवघड होते. तेव्हा ‘आधी मोजायला शिक, मग ये’ असे तिला कोणी सांगितले नाही. तिच्यासाठी श्वास मोजण्याचे एक साधन तयार झाले. त्यात मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन रांगा होत्या, दोन वयोगटांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा मणी आला तर श्वास जलद आहे. दहापर्यंत तर बोटांवर मोजता येते.

या साधनाला वीज लागत नाही, तार लागत नाही. तरीही आमच्या मते ते खरेखुरे माहिती-तंत्रज्ञान आहे. ते निरीक्षण गोळा करते, प्रमाणाशी ताडून पाहते आणि निर्णय देते. मुख्य म्हणजे तो निर्णय मिळतो बाळाशेजारी बसलेल्या बाईला, त्याच क्षणी.

याउलट आमच्या कार्यालयात येणारी बहुतेक यंत्रणा माहिती वर पाठविण्यासाठी असते. शिष्यवृत्तीच्या अर्जात दाखल्यावरील व आधारवरील नावांत एका अक्षराचा फरक पडला की अर्ज परत येतो. का परत आला, हे मुलाला कळेल अशा भाषेत कोणीच सांगत नाही. धावपळ लिपिकाची आणि चिंता मुलाच्या बापाची.

कोल्हापूर-सांगलीकडील वारणा खोऱ्याचा अनुभवही लक्षात घ्यावा. १९९८ साली तेथे सत्तरएक गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प आखला गेला. शेती, शिक्षण, बाजारभाव असे पुष्कळ काही त्यातून मिळणार होते. प्रत्यक्षात केंद्रांवर मुख्यतः उसाचे काम चाले: तोडणीची परवानगी, उसाचे वजन, खताचा हिशेब. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी हा वापर नीट न्याहाळला आणि काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरील लघुसंदेशाने तेच काम करून दाखविले. काही जण यास माघार म्हणतील. आम्हांस मात्र यातील शोधबुद्धी मोठी वाटते. उद्घाटनाच्या भाषणांवर विसंबून न राहता लोक यंत्रापुढे उभे राहून काय विचारतात, हे येथे कोणीतरी पाहिले.

आता आमच्या हजेरीयंत्राकडे वळू. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडचा संपर्क तुटतो. सुट्टीहून परतणारे मूल चार दिवस अडकते. यंत्र ‘गैरहजर’ एवढेच लिहील. दिवाळीनंतर परतलेच नाही असे दुसरे मूलही ‘गैरहजर’च. पहिल्यासाठी पूर ओसरण्याची वाट पाहणे पुरेसे आहे. दुसऱ्यासाठी त्याच आठवड्यात कोणीतरी घरी गेले पाहिजे, नाहीतर त्याचे शिक्षण तेथेच संपते. हा भेद आज अधीक्षकांच्या वहीत, समासातल्या दोन ओळींत टिपलेला असतो. यंत्र आले म्हणून ती वही बंद झाली, तर संस्था आधुनिक दिसेल आणि मुले मात्र हातची जातील.

म्हणून संचालक मंडळापुढे आमचे म्हणणे असे आहे. गैरहजेरीचे कारण लिहिण्याची जागा यंत्रणेत हवी आणि ती भरण्याचा अधिकार अधीक्षकांकडे हवा. पहिली सूचना वर्गशिक्षकाला मिळावी, कार्यालयाला नंतर. पालकांना जाणारा निरोप लेखी नसावा, माडिया किंवा गोंडी बोलीतील ध्वनिमुद्रित असावा. शेजारच्या छत्तीसगडमध्ये ‘सीजीनेट स्वरा’ने २०१० पासून साध्या फोनवर गोंडी बोलणाऱ्यांचे आवाज पोचविले आहेत, तेव्हा हे अशक्य नाही. आवाजासाठी आमच्याच मोठ्या वर्गांतील मुली पुढे येतील. आणि खरेदी पक्की करण्यापूर्वी यंत्र एक पूर्ण पावसाळा, वीज जाण्याच्या व रस्ते तुटण्याच्या दिवसांत, वहीच्या शेजारी चालवून पाहावे.