आजार उशिरा, न्याय त्याहून उशिरा

ब्रिटिश युद्धनौकांत बॉयलर आणि वाफेच्या नळांना अ‍ॅस्बेस्टॉसचे वेष्टण असे. ते काढता-बसवताना उडालेली धूळ नौसैनिकांच्या छातीत गेली आणि तिथेच राहिली. मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, उघड व्हायला ३०-४० वर्षे जातात. निदानानंतर मात्र बहुतेकांच्या हाती जेमतेम वर्ष-दीड वर्ष उरते.

१९४७ च्या कायद्याने सैनिकाला सरकारवर भरपाईचा दावा लावता येत नसे. १९८७ मध्ये ही आडकाठी निघाली, पण पुढच्यांसाठी. ज्यांनी धूळ खाल्ली ते बाहेरच! गोदीतल्या नागरी कामगाराला कोर्ट मोकळे, शेजारी राबणाऱ्या नौसैनिकाला नाही. २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनेही हेच कायम केले. पेन्शन होती, पण वर्षभराच्या सोबत्याला दरमहाची पेन्शन किती पुरणार? अखेर डिसेंबर २०१५ मध्ये १,४०,००० पौंड एकरकमी देण्याचे ठरले. तेही आधी फक्त नव्या रुग्णांना. जुन्यांचा समावेश ओरड झाल्यावर, २०१६ मध्ये.

धुळीची तारीख धरून हक्क नाकारणे वैद्यकशास्त्राला धरून नाही. छातीत पाणी झालेल्या सत्तरीच्या रुग्णाला डॉक्टर सिगारेटचे विचारतात. तरुणपणीच्या नोकरीचेही विचारून केसपेपरवर लिहायला हवे. पुढे दाव्यात तोच कागद कामी येतो.